आधी वाट पाहायची, मग गायचं: पेंटेकॉस्टल उपासना कुठून निघाली आणि कुठे आली

पेंटेकॉस्टल म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारी ख्रिस्ती चळवळ. तिच्या आजच्या एखाद्या मोठ्या चर्चमध्ये रविवारी गेलात तर बहुधा असं चित्र दिसेल. सभागृहातले दिवे मंद केलेले, मंचावर झगझगीत प्रकाश. ड्रम, गिटार, कीबोर्ड, चार-पाच गायक आणि मागच्या पडद्यावर गाण्याचे शब्द. अर्धा तास सलग गाणी चालतात. लोक उभे असतात, हात वर असतात, काहींच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. मग सूचना, दान, प्रवचन आणि शेवटी कीबोर्डच्या हलक्या सुरावर प्रार्थना. दीड तासात उपासना संपते आणि पुढच्या उपासनेसाठी आलेले लोक दाराशी थांबलेले असतात.

आता १९०६ साल. लॉस एंजेलिस शहरातल्या अझुसा स्ट्रीटवरची ३१२ क्रमांकाची इमारत. आधी चर्च होती, नंतर तिचा वापर तबेला आणि गोदाम म्हणून झाला. खाली भुसा पसरलेला. बसायला पिंपांवर फळ्या टाकलेल्या. व्यासपीठ म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन लाकडी खोकी. सुरुवातीच्या काळात वाद्यं नव्हती, गायकवृंद नव्हता, गीतपुस्तकंही नव्हती. दानाची थाळी फिरत नसे, दाराजवळ एक पेटी असे. सकाळी सुरू झालेली सभा कधी कधी मध्यरात्रीपर्यंत चाले आणि पुढे कोण बोलणार हे कुणालाच ठाऊक नसे.

दोन्हींना आपण पेंटेकॉस्टल उपासनाच म्हणतो. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय झालं, ते नीट पाहण्यासारखं आहे. कारण यावर बोलताना लोक लगेच दोन टोकं गाठतात. एका बाजूचे म्हणतात, जुनं ते खरं आणि आताचा सगळा दिखावा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आत्मा तोच आहे, फक्त साउंड सिस्टिम बदलली. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. वाद्यं आली हा मुख्य बदल नाही. उपासनेत कोण बोलतं आणि कशानंतर काय येतं, हे बदललं. तो बदल खोल आहे.

मूळ वचन

पेंटेकॉस्ट हा मुळात यहुदी सण, वल्हांडणानंतरच्या पन्नासाव्या दिवसाचा. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात त्या दिवसाचं वर्णन आहे. येशूचे शिष्य यरुशलेमेत एकत्र जमले होते. सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद झाला, अग्नीच्या जिभांसारखं काही दिसलं आणि ते सगळे पवित्र आत्म्याने भरून अन्य भाषांमधून बोलू लागले. लोकांना वाटलं, हे दारू प्यायले आहेत. तेव्हा पेत्राने उभं राहून योएल संदेष्ट्याचं वचन सांगितलं: देव आपला आत्मा सगळ्यांवर ओतेल, मुलगे आणि मुली संदेश देतील, दास आणि दासींवरही तो ओतला जाईल.

यातले मुली, दास आणि दासी हे शब्द लक्षात असू द्या. पुढचा सगळा इतिहास त्यांच्याभोवती फिरतो.

आणखी एक गोष्ट याच घटनेच्या आधी घडते. वरून सामर्थ्य मिळेपर्यंत शहरातच थांबा, असं येशू शिष्यांना सांगतो. ते थांबतात, प्रार्थना करत वाट पाहतात. कधी काय होणार हे त्यांना माहीत नसतं. पहिल्या पिढीच्या पेंटेकॉस्टल लोकांनी हे थांबणं अक्षरशः पाळलं. अझुसा स्ट्रीटच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तेवढ्यासाठीच जागा होती. तिथे लोक तासन् तास गुडघे टेकून असत.

दोन प्रवाह

ही चळवळ आकाशातून पडली नाही. तिच्यात दोन मोठे प्रवाह मिसळले.

एक प्रवाह अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली आणि त्याच्यापासून निघालेल्या मेथडिस्ट परंपरेचा. तारण मिळाल्यानंतरही माणसाला देवाचा दुसरा, अंतःकरण शुद्ध करणारा स्पर्श होऊ शकतो, ही शिकवण तिथून आली. १९व्या शतकात अमेरिकेतल्या पवित्रता चळवळीने ती उचलली. सोबत उघड्या मैदानातल्या मोठ्या सभा होत्याच. १८०१ साली केंटकीतल्या केन रिज इथे हजारो लोक जमले. रडणं, ओरडणं, थरथरणं, जमिनीवर कोसळणं हे सगळं तिथे झालं. म्हणजे 'पेंटेकॉस्टल' म्हणून आपण ज्या गोष्टी ओळखतो, त्यातल्या कितीतरी या नावाच्या शंभर वर्षं आधीच्या आहेत.

दुसरा प्रवाह गुलामगिरीतल्या आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या उपासनेचा. मालकाच्या नजरेआड, रानात लपून भरणाऱ्या प्रार्थनासभा. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. वर्तुळात फिरत, टाळ्यांच्या आणि पायांच्या तालावर गायचं. लिहिता-वाचता येऊ नये म्हणून ज्यांच्यावर बंदी होती, त्यांनी धर्मशिक्षण गाण्यात, गोष्टीत आणि साक्षीत, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं हे चारचौघांत सांगण्यात, साठवलं. वॉल्टर हॉलेनवेगर या स्विस अभ्यासकाने पेंटेकॉस्टल उपासनेची खरी ताकद याच मौखिक वारशात दाखवली. सगळ्यांचा सहभाग, गोष्टीतून सांगितलेली श्रद्धा, स्वप्नं आणि दृष्टान्तांना जागा, शरीरासकट केलेली प्रार्थना. मला त्याचं म्हणणं पटतं. पुस्तकी सिद्धान्त मेथडिस्टांकडून आला असेल, पण उपासनेचा श्वास या गुलामांच्या वंशजांकडून आला.

दोन्ही प्रवाह एका माणसात भेटले. विल्यम सीमोर, जन्म १८७० चा, लुइझियानातला. आईवडील पूर्वी गुलाम होते. देवीच्या आजारात त्याचा एक डोळा गेला होता. टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये चार्ल्स पारहम हा गोरा प्रचारक बायबलचे वर्ग घेत होता. पारहमच्याच कॅन्ससमधल्या टोपेका इथल्या शाळेत १ जानेवारी १९०१ रोजी अ‍ॅग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्यभाषेत, म्हणजे न शिकलेल्या भाषेत, बोलली होती आणि अन्यभाषा ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे माणूस पवित्र आत्म्याने भरल्याची, खूण आहे ही शिकवण तिथून पसरली. सीमोरला ती ऐकायची होती, पण तिथे वर्णभेदाचे कायदे होते. म्हणून तो वर्गाबाहेर बसून, उघड्या दारातून ऐकत राहिला.

ज्याला दाराबाहेर बसवलं, त्याच्याच अझुसा स्ट्रीटवरच्या सभेत वर्षभरात गोरे, काळे, मेक्सिकन असे सगळे एका फळीवर बसले. वर्णाची रेघ येशूच्या रक्ताने धुऊन निघाली, असं त्या सभांना हजर असलेल्या फ्रँक बार्टलमनने लिहून ठेवलं आहे. अमेरिकेत तो काळ काय होता हे आठवलं म्हणजे या एका वाक्याचं वजन कळतं.

सीमोर सभेत फारसा पुढे पुढे करत नसे. पुष्कळदा खोक्यांच्या त्या व्यासपीठामागे डोकं खाली घालून प्रार्थना करत असे. कुणी उठून साक्ष दिली, कुणी वचन वाचलं, कुणी गायला सुरुवात केली की बाकीचे साथ देत. स्त्रिया उपदेश करत. काम पाहणाऱ्या मंडळातही स्त्रिया होत्या. वर्तमानपत्रांनी चेष्टा केली. लॉस एंजेलिसच्या एका दैनिकात १८ एप्रिल १९०६ रोजी विचित्र भाषांच्या गोंधळाबद्दल खिल्ली उडवणारी बातमी आली. पुढे पारहम तिथे आला, तेव्हा काळ्या-गोऱ्यांना असं एकत्र पाहून त्याने सगळ्यालाच नावं ठेवली.

केडगावच्या मुली

पेंटेकॉस्टल इतिहास सांगताना बरेच जण फक्त अझुसा स्ट्रीटवरून सुरुवात करतात. पण त्याच्या आधी, जून १९०५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं आत्मिक पुनरुज्जीवन झालं होतं. वेल्समध्ये १९०४ पासून सुरू असलेल्या जागृतीच्या बातम्या आल्या होत्या. रमाबाईंनी १९०५ च्या सुरुवातीपासून खास प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं आणि जमणाऱ्यांची संख्या वाढत गेली. पुढे जे झालं त्याच्या नोंदी मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी सहकारिणीने ठेवल्या. मुली आपापली पापं कबूल करत रडत होत्या, सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या, कुणी आतून भाजून काढणाऱ्या अग्नीचा अनुभव सांगत होती.

या मुली कोण होत्या? दुष्काळातून वाचवलेल्या, अनाथ, कित्येक बालविधवा. चार माणसांत तोंड उघडायचा ज्यांना हक्क नव्हता, त्या मुली तासन् तास मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि गट करून गावोगाव शुभवर्तमान सांगायला गेल्या. योएलाच्या वचनातल्या मुली आणि दासी म्हणजे आणखी कोण असणार!

यावर टीका झाली. हा आरडाओरडा आहे, शिस्त नाही, असं अनेक मिशनऱ्यांना वाटलं. रमाबाईंची भूमिका अशी होती की भारतीय ख्रिस्ती लोकांमध्ये आत्म्याने त्यांच्या स्वभावाला साजेशा रीतीने काम केलं तर त्यात बिघडलं काय. इंग्रज माणूस शांत बसून प्रार्थना करतो म्हणून सगळ्यांनी तसंच करावं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्याच वेळी अन्यभाषा हीच एकमेव खूण, असा आग्रहही त्यांनी धरला नाही. प्रेम आणि बदललेलं आयुष्य त्यांना जास्त महत्त्वाचं वाटे. आणि हे सगळं चालू असताना याच आवारात रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. उत्कट प्रार्थना आणि काटेकोर अभ्यास यांचं वाकडं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुक्ती मिशनकडे जरूर पाहावं.

मिनी एब्रम्सने या अनुभवावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते चिलीमधल्या वालपराइसो इथे तिच्या जुन्या मैत्रिणीकडे, मे हूवरकडे पोहोचलं. तिचा नवरा विलिस हूवर तिथे मेथडिस्ट पाळक होता. १९०९ साली त्यांच्या मंडळीत जागृती झाली आणि चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या चळवळीची एक मुळी थेट केडगावात आहे.

अन्यभाषेचा अर्थ बदलला

इथे एक छोटा पण महत्त्वाचा फरक सांगतो. पहिल्या पिढीतल्या अनेकांना वाटत होतं की अन्यभाषा म्हणजे जगातल्या खऱ्या भाषा आणि त्या मिळाल्या की परदेशात शिकावं न लागता प्रचार करता येईल. अझुसा स्ट्रीटहून निघालेलं अल्फ्रेड आणि लिलियन गार हे जोडपं याच भरवशावर कलकत्त्याला आलं. बंगाली लोकांना त्यांचं बोलणं कळेना. त्यांनी अन्यभाषा सोडली नाही, पण तिच्याकडे देवाशी बोलण्याची, प्रार्थनेची भाषा म्हणून पाहायला सुरुवात केली. बहुतेक पेंटेकॉस्टल लोक आज हाच अर्थ धरतात. मूळ शुद्ध होतं आणि नंतर सगळं बिघडत गेलं, असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. मुळातल्या माणसांनाही काही गोष्टी चुकतमाकत शिकाव्या लागल्या.

मंच केव्हा आला?

झगमगाट हा अलीकडचा रोग आहे, असं समजू नका. एमी सेम्पल मॅकफर्सन या बाईंनी १९२३ साली लॉस एंजेलिसमध्येच पाच हजारांवर माणसं बसतील असं एंजेलस टेंपल उघडलं. तिथे प्रवचनाला नाटकासारखे पडदे, वेशभूषा, देखावे असत आणि लगेच १९२४ मध्ये त्यांचं स्वतःचं रेडिओ केंद्रही सुरू झालं. अझुसापासून अवघ्या १७ वर्षांत मंच उभा राहिला होता.

संगीताचंही तसंच. चार्ल्स मेसन १९०७ मध्ये अझुसाला जाऊन आला. त्याच्या 'चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट' या प्रामुख्याने कृष्णवर्णीय मंडळींमध्ये ड्रम, खंजिरी, गिटार, पियानो मोकळेपणाने आले. सिस्टर रोझेटा थार्प याच मंडळीत गिटार वाजवत मोठी झाली आणि पुढे रॉक संगीताच्या जन्मदात्यांमध्ये तिचं नाव घेतलं जाऊ लागलं. एल्विस प्रेस्ली आणि जेरी ली लुईस यांचं बालपणही पेंटेकॉस्टल चर्चमध्ये गेलं. आज कुणी म्हणतं की चर्चमध्ये रॉक संगीत घुसलं, तेव्हा मला वाटतं की हा मुलगा घराबाहेर वाढला आणि परत आला, इतकंच. इलेक्ट्रिक गिटारवर राग धरून काही हाती लागणार नाही.

क्रम उलटला

खरा बदल १९४० च्या दशकात कॅनडामध्ये सुरू झाला, आणि तो फारसा सांगितला जात नाही. रेग लेझेल नावाच्या प्रचारकाने १९४६ मध्ये २२व्या स्तोत्राच्या तिसऱ्या वचनावरून शिकवायला सुरुवात केली की देव आपल्या लोकांच्या स्तुतीत वसतो. म्हणून मन असो वा नसो, आधी स्तुती करा. देवाचं सान्निध्य त्यातून येईल. १९४८ मध्ये नॉर्थ बॅटलफोर्ड इथे सुरू झालेल्या 'लॅटर रेन' चळवळीत ही शिकवण पसरली. पुढे शिक्षकांनी १००वं स्तोत्र आणि जुन्या करारातला निवासमंडप (देवाच्या उपासनेचा तंबू) यांच्या आधाराने पायऱ्या आखल्या: दारातून उपकारस्तुतीने आत, अंगणात स्तवनाने, मग परमपवित्रस्थानात, म्हणजे सर्वांत आतल्या भागात. गाण्यांचा क्रमही तसाच ठरला. आधी वेगवान, मग संथ, मग अगदी जवळिकीची.

आता जुना क्रम आठवा. अझुसात आणि केडगावात लोक वाट पाहत. आत्मा आला असं जाणवलं की त्यातून गाणं, रडणं, साक्ष बाहेर पडे. गाणं हा परिणाम होता. नव्या शिकवणीत गाणं हे साधन झालं. आधी गायचं, मग सान्निध्य. ज्यांनी हे शिकवलं ते प्रामाणिक होते आणि त्यांच्याकडे वचनाचा आधारही होता. पण याचे परिणाम दूरवर गेले. गाण्याने सान्निध्य येत असेल तर चांगल्या गाण्याने जास्त येईल, चांगल्या गायकाने आणखी. मग सराव हवा, साउंड हवा. गाणी पुढे नेणारा माणूस नकळत याजकाच्या जागी जाऊन उभा राहिला.

त्यानंतर बाकीचं झपाट्याने घडलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या हिप्पी तरुणांमध्ये जागृती झाली, त्यांनी आपल्या गिटारी आणि साधी गाणी आणली. चक स्मिथच्या कॅल्व्हरी चॅपलमधून १९७१ मध्ये 'मारानाथा म्युझिक' सुरू झालं. १९८८ मध्ये चर्चच्या गाण्यांचे परवाने देणारी आणि गीतकारांना मानधन पोहोचवणारी सीसीएलआय ही संस्था आली. सिडनीत १९८३ साली सुरू झालेल्या आणि पुढे हिलसाँग नावाने ओळखल्या गेलेल्या चर्चची गाणी जगभर गेली. आता मोजक्या मोठ्या चर्चमधून निघालेली गाणी असंख्य मंडळी गातात. वादकांच्या कानात इअरफोन, त्यात तालाची टिकटिक, आधी ध्वनिमुद्रित केलेले जादा सूर. अशा व्यवस्थेत गाणं मध्येच थांबवून कुणी आजीबाई साक्ष द्यायला उभी राहिली तर काय करायचं, याची सोयच नसते.

माझं दुःख इथे आहे. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं हे अडखळत, रडत, लांबण लावत सांगणारा सामान्य माणूस पेंटेकॉस्टल उपासनेच्या केंद्रस्थानी होता. ज्यांचं कुणी ऐकून घेत नव्हतं, ती माणसं तिथे बोलत. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात उपासनेचं जे वर्णन केलं त्यात प्रत्येकाजवळ काहीतरी आहे: एकाजवळ स्तोत्र, दुसऱ्याजवळ शिक्षण, तिसऱ्याजवळ प्रकटीकरण, कुणाजवळ अन्यभाषा, कुणाजवळ तिचा अर्थ. तिथेच तो शिस्तही लावतो: अन्यभाषेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावं. म्हणजे मोकळीक आणि मर्यादा दोन्ही. अंधाऱ्या सभागृहात, मोठ्या आवाजात, शेजारच्याचा आवाजही ऐकू येत नसेल तर ही मोकळीकही उरत नाही आणि ही मर्यादा पाळायची वेळही येत नाही.

तरी अझुसाच्या आठवणीत फार रमू नये. तिथली काळ्या-गोऱ्यांची एकी टिकली नाही. १९१४ मध्ये अर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्ज इथे स्थापन झालेली 'असेंब्लीज ऑफ गॉड' ही मुख्यतः गोऱ्यांची संघटना झाली आणि सीमोर १९२२ मध्ये गेला तेव्हा त्याच्या मंडळीत थोडेच लोक उरले होते. १९९४ साली मेम्फिसमध्ये गोऱ्या पेंटेकॉस्टल पुढाऱ्यांनी या फाटाफुटीबद्दल जाहीर पश्चात्ताप केला, त्यांच्यातल्या एका पाळकाने एका कृष्णवर्णीय बिशपचे पाय धुतले आणि फक्त गोऱ्यांची असलेली जुनी संयुक्त संघटना विसर्जित केली. त्या दिवशी जे घडलं ते मुळाच्या सर्वांत जवळचं होतं असं मी म्हणेन. मंचावर कुठली वाद्यं होती, याने त्यात काही फरक पडला नसता.

मूळ कुठे तग धरून आहे

प्यू संशोधन केंद्राने २०११ मध्ये जगातल्या पेंटेकॉस्टल आणि करिश्माई (इतर चर्चमध्ये राहून आत्म्याच्या वरदानांवर तसाच भर देणाऱ्या) ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे ५८ कोटी सांगितली होती. त्यातले बहुतेक आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियात आहेत. त्या सगळ्यांची उपासना मंद दिव्यांची नसते. लहान मंडळ्या, उपास-प्रार्थना, रात्रभरच्या सभा, आजाऱ्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना यांतून जुनी रीत अजून चालू आहे. कोरियात सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करण्याची पद्धत १९०७ च्या प्योंगयांगच्या जागृतीपासून आजतागायत टिकली आहे. केडगावच्या मुलींचं वर्णन वाचून मग ती ऐकली, तर ओळख पटते.

सोलमधल्या योइदो फुल गॉस्पेल चर्चचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. जगातल्या सगळ्यांत मोठ्या मंडळ्यांपैकी ही एक. रविवारी मोठा मंच, मोठा गायकवृंद, मोठा वाद्यवृंद. पण तिचे संस्थापक डेव्हिड योंगी चो १९६० च्या दशकात अतिश्रमाने कोसळले, तेव्हा त्यांना सगळं एकट्याने करणं सोडावं लागलं. त्यांनी मंडळीचे घरोघरी जमणारे छोटे गट केले आणि त्यांची जबाबदारी मुख्यतः स्त्रियांवर सोपवली. त्या काळच्या कोरियन समाजात हे सोपं नव्हतं, पुरुषांचा विरोध झाला. तरी त्या बायका वचन वाचत, प्रार्थना चालवत, दुसऱ्यांच्या साक्षी ऐकून घेत, आणि मंडळी त्यांच्याच घरांमधून वाढली.